रोहिडखोऱ्यातले रिअल माद्रिद

भोर आणि वेल्हे या पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील दोन डोंगरी तालुक्यांची ओळख भूगोलाची पुस्तके भात, धरणे आणि किल्ले अशा तीन शब्दांत उरकतात. तथापि या खोऱ्यांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चांगल्या रुजलेल्या एका चौथ्या पिकाची नोंद कृषी खात्याने अद्याप घेतलेली दिसत नाही. हे पीक म्हणजे दूरस्थ निष्ठा. जिथे कधी पाऊल पडलेले नाही आणि पडण्याचा संभवही नाही, अशा शहरातील फुटबॉल संघाच्या विजयावर वडिलोपार्जित वतनासारखा हक्क सांगण्याची जी वृत्ती, तिला प्रस्तुत लेखात ही संज्ञा वापरली आहे. या पिकाला पाणी लागत नाही, ते रात्री वाढते, रानडुकरे त्याच्या वाटेला जात नाहीत आणि त्याचे उत्पन्न घरात कोणालाही दिसत नाही.

या निष्ठेचा बाह्य पुरावा म्हणजे जर्सी, अर्थात संघाच्या रंगाचा सदरा. पुणे–सातारा महामार्गावरील चेलाडी फाट्यावर, जिथून नसरापूर आणि पुढे वेल्ह्याचा रस्ता फुटतो, सकाळी एसटीची वाट पाहणाऱ्या तरुणाच्या अंगावर रिअल माद्रिदचा पांढरा सदरा असतो, छातीवर एका आखाती विमान कंपनीचे नाव असते आणि पाठीवर ७ हा आकडा असतो. त्या आकड्याचा मूळ मालक रोनाल्डो २०१८ मध्येच माद्रिद सोडून गेला, पण सदरा अजून विरलेला नसल्यामुळे ही बातमी पाठीपर्यंत पोहोचलेली नसते. विमान कंपनीची जाहिरात फुकटात करणारा हा इसम एसटी चुकली तर वडापच्या जीपमध्ये मागे लटकून प्रवास करतो, ही गोष्ट त्या कंपनीच्या ताळेबंदात कोणत्या रकान्यात दाखवली जाते, हे पाहण्यासारखे ठरेल.

निष्ठा कोणत्या संघावर ठेवावी याचा निर्णय कसा होतो, या प्रश्नावर चाहते सामान्यतः ‘मनापासून आवडतो’ असे उत्तर देतात. परंतु हे मन गुणतक्त्याच्या पहिल्या चार-पाच ओळींच्या खाली कधी घसरत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. माद्रिदच्या वेशीवरच गेटाफे नावाचा संघ आहे, मँचेस्टरपासून हाकेच्या अंतरावर रॉचडेल आहे. तरीही किकवीपासून पानशेतपर्यंत या संघांसाठी ज्याचा जीव तुटतो असा माणूस सापडणे कठीण. मँचेस्टर सिटी हा संघ १९९८-९९ च्या मोसमात इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत खेळत होता, तेव्हा भोरमध्ये त्याचा चाहता नव्हता. २००८ मध्ये तो अबू धाबीच्या राजघराण्यातील मालकांनी विकत घेतला आणि मग विजेतेपदे येऊ लागली, तशी भोरमधील काही तरुणांना आपण या संघावर लहानपणापासून प्रेम करीत असल्याचे आठवू लागले. स्मरणशक्तीचा असा उलटा प्रवाह वैद्यकशास्त्राला अपरिचित असला, तरी सोयरीक जुळवताना पाहुण्यांच्या बड्या नातलगांशी जुना घरोबा निघतो, त्या मराठी परंपरेत तो चपखल बसतो. अपवाद फक्त मँचेस्टर युनायटेडच्या जुन्या चाहत्यांचा करावा लागेल. त्यांनी निवड केली ती जिंकणारा संघ म्हणूनच. मात्र २०१३ मध्ये फर्ग्युसन हे प्रशिक्षक शेवटचे विजेतेपद मिळवून निवृत्त झाले, पुढची दहा वर्षे तो चषक परतला नाही, आणि तोवर मित्रमंडळींत नाव ‘युनायटेडवाला’ पडून गेल्यामुळे संघ बदलण्याचीही सोय उरली नाही. या मंडळींना केवळ दैवदुर्विपाकाने खरी निष्ठा प्राप्त झाली.

या वर्तनाचा अभ्यास शास्त्राने केला नाही असे नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांचे सहकारी यांनी १९७६ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केले. सात विद्यापीठांत शनिवारी आपला फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी वर्गात विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण वाढते, असे त्यात दिसून आले. आणि त्याच अभ्यासात विजयाबद्दल बोलताना ‘आम्ही’ तर पराभवाबद्दल बोलताना ‘ते’ हे सर्वनाम अधिक वेळा येते, हेही आढळले. या प्रवृत्तीला परावर्तित तेजात न्हाणे असे म्हणता येईल. ज्याप्रमाणे चंद्राला स्वतःचा प्रकाश नसतो, त्याप्रमाणे चाहत्यालाही नसतो, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजी सर्वनामांवर झालेल्या या संशोधनाला मराठीची जोड मिळाली असती तर ते अधिक सूक्ष्म झाले असते, कारण इंग्रजीत जिथे एकच ‘आम्ही’ आहे तिथे मराठीत ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि ऐकणाऱ्यालाही ओढून घेणारे ‘आपण’ अशी दोन सर्वनामे आहेत. भोरच्या एसटी स्थानकाबाहेर सकाळी चहा पिताना ‘काल आपण चार मारले’ असे वाक्य उच्चारले जाते, तेव्हा ज्याने आयुष्यात फुटबॉलला लाथ मारलेली नाही आणि ज्याचे सारे लक्ष दुधाला उकळी येते की नाही याकडे आहे, तो चहावालाही बार्सिलोनाच्या विजयात नकळत भागीदार होतो. पराभवाच्या सकाळी वाक्यरचना बदलते आणि ‘त्यांनी बचावफळीच नीट लावली नाही’ अशी तटस्थ, जवळजवळ न्यायमूर्तींना शोभणारी भाषा कानी पडते. गावातील संघ कबड्डीत वा क्रिकेटमध्ये हरतो तेव्हा मात्र तिसरे सर्वनाम बाहेर येते: ‘तुम्ही हरलात.’

वेल्ह्याकडील खोऱ्यांत जुलै-ऑगस्ट हा भातलावणीचा काळ असतो आणि युरोपात नेमका हाच काळ खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा असतो. एका क्लबमधून दुसऱ्या क्लबमध्ये जाण्याची ही ठरावीक मुदत तिकडे ‘ट्रान्सफर विंडो’, म्हणजे बदलीची खिडकी, म्हणून ओळखली जाते. २०१७ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ब्राझीलचा नेमार हा खेळाडू बार्सिलोनाकडून पॅरिसच्या संघाकडे २२ कोटी २० लाख युरोंना गेला. रुपयांत ही रक्कम सोळाशे कोटींच्या वर होते. एवढ्या रकमेत एका माणसाचे दोन पाय येतात, हे वाचून पोटरीपर्यंत चिखलात उभ्या असलेल्या तरुणाने हातातली रोपांची मूठ बांधावर ठेवावी, खिशातला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल काढून ‘आपण त्याला सोडायलाच नको होता’ असे मत नोंदवावे, आणि पलीकडे ओणवे होऊन लावणी करणाऱ्या आईने इरल्याखालून ‘कुणाला सोडला?’ असे विचारावे, हा संवाद या खोऱ्यांत अशक्य कोटीतील नव्हे. इंद्रायणी तांदळाला या वर्षी काय भाव मिळणार, याविषयी त्याच तरुणाला विचारले असता तो मात्र नक्की सांगता येत नाही, असे म्हणतो.

या सर्व टीकेवर चाहत्यांचे एक उत्तर ठरलेले आहे, आणि ते अगदीच पोकळ नाही: पाठिंबा द्यायला जवळ संघच कुठे आहे? भोर-वेल्ह्यात फुटबॉलची परंपरा नाही. भात कापल्यावर मोकळ्या झालेल्या खाचरांत टेनिस चेंडूचे क्रिकेट चालते आणि जत्रेत कुस्त्यांचा फड लागतो. सर्वांत जवळचा व्यावसायिक फुटबॉल पन्नास-साठ किलोमीटरवर, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत होता. ‘होता’ हे क्रियापद येथे मुद्दाम भूतकाळी ठेवले आहे. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे त्या वेळच्या देशातील प्रमुख साखळी स्पर्धेत, उपविजेता ठरला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच त्याचा कारभार गुंडाळला गेला. भारत एफसी नावाचा दुसरा संघ एकच मोसम खेळून, तळाला राहून, नाहीसा झाला. डीएसके शिवाजीयन्स या तिसऱ्या संघाने तर स्वतःच्या अकादमीसाठी लिव्हरपूलचे नाव आणले होते. ज्या लिव्हरपूलच्या सदऱ्यांनी स्थानिक संघाचे प्रेक्षक पळवले, त्याच्याच नावाचा फलक स्थानिक संघाने दारावर लावावा, याहून प्रामाणिक शरणागती क्वचितच पाहायला मिळेल. तोही संघ २०१७ मध्ये संपला.

चौथा, एफसी पुणे सिटी, २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर आला. इटलीच्या फिओरेन्तिनाशी त्याची भागीदारी होती आणि पहिल्याच वर्षी त्याच्याकडून डेव्हिड त्रेझेगे खेळला, म्हणजे ज्याच्या सुवर्ण-गोलने, अर्थात जादा वेळेत होताच सामना तिथेच संपवणाऱ्या गोलने, फ्रान्सने २००० चा युरोपीय करंडक जिंकला, तोच. हा युरोपविजेता साध्या तिकिटात, स्वारगेटहून सिटी बसने गाठता येईल अशा मैदानावर धावत असताना, युव्हेन्टसच्या जुन्या चित्रफितींत त्यालाच पाहून हळहळणारे चाहते घरीच होते. २०१७-१८ मध्ये पुण्याच्या संघाने उपांत्य फेरी गाठली आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली, ज्याने तीन वर्षांच्या आत विजेतेपद पटकावले. वेल्हे तालुक्याला अलीकडे राजगड हे नाव मिळाले तरी तोरणा जागचा हलला नाही. पुण्याच्या संघाचे नाव बदलले तेव्हा संघच निघून गेला. अर्थात भाटघरचे पाणी कालव्याने बारामती-इंदापूरच्या उसाला जाताना पिढ्यान्‌पिढ्या पाहणाऱ्या या खोऱ्याला, इकडचे पाणी आणि तिकडची साखर, हा न्याय नवा नसावा.

मात्र संघ नाही म्हणून निष्ठा नाही, या युक्तिवादाची परीक्षा २०१८ च्या जूनमध्ये मुंबईत झाली. अंधेरीच्या मैदानावर १ जूनला भारताने चायनीज तैपेईचा ५-० असा पराभव केला, कर्णधार सुनील छेत्री याने तीन गोल केले, आणि ते पाहायला अवघे २,५६९ प्रेक्षक होते. राष्ट्रीय संघ हैदराबादला गेलेला नव्हता. तो मुंबईतच, लोकल गाडीच्या अंतरावर होता. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक चित्रफीत प्रसिद्ध केली आणि युरोपीय क्लबांच्या चाहत्यांना उद्देशून सांगितले की, आमचा दर्जा तुमच्या संघांच्या जवळपासही नाही हे मान्य आहे, तरी येऊन पाहा, हवे तर शिव्या द्या. ४ जूनला केनियाविरुद्ध मैदान भरले. जगातील कोणत्याही बड्या संघाच्या कर्णधाराला आपल्याच देशवासीयांकडे, शिव्या देण्यासाठी का होईना, पण या, असा अर्ज करावा लागला असेल काय, हा प्रश्न अभ्यासकांनी हाताळायला हरकत नाही.

याच महाराष्ट्रात कोल्हापूर आहे, जिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठांतील शेजारधर्म स्थगित होतो आणि पोलिसांना बंदोबस्त लावावा लागतो. त्या अतिरेकाचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण तिथे सदरा विकत घेण्याआधी पेठेत जन्म घ्यावा लागतो, एवढे खरे.

मोठ्या संघाच्या बाजूने उभे राहण्याची ही रीत रोहिडखोऱ्याला, म्हणजे भोरच्या परिसरालाच, पूर्वी एकदा नीट तपासता आली होती. १६५९ मध्ये अफझलखान वाईला आला तेव्हा आदिलशाहीची फर्माने मावळातील देशमुखांना पोहोचली. गुणतक्ता तेव्हाही स्पष्ट होता: एका बाजूला विजापूरची पातशाही, दुसऱ्या बाजूला राजगड बांधून पुरता होत आला न आला असे नवे स्वराज्य. उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. त्याच खोऱ्यातील कारीचे कान्होजी जेधे यांनी वतनावर पाणी सोडले आणि ते शिवाजी महाराजांच्या पायाशी राहिले. आज भोर-वेल्ह्यात मोबाईलवरील चित्र म्हणून कान्होजींचा वारसा मिरवणाऱ्यांची गणती नाही, आणि खंडोजींचे चित्र लावणारा एकही नाही. पण रात्री दीड वाजता गुणतक्ता पाहून संघ ठरवताना कोणाचे पाऊल कोणाच्या पावलावर पडते, हे तपासले जात नाही. ही तुलना ओढूनताणून केलेली आहे, असा आक्षेप इतिहासकार घेतील आणि तो रास्तच आहे, कारण खंडोजींनी निदान वतन आणि हातपाय पणाला लावले होते, आणि पुढे त्यांची किंमतही मोजली. आजचा चाहता फार तर झोप पणाला लावतो.

ती झोपही सर्वस्वी त्याची एकट्याची नसते. भात निघाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, वेल्ह्याकडील एखाद्या गावात शाळेच्या पोरांचा आणि मोठ्यांचा मिळून फुटबॉलचा सामना ठरतो. खाचरात गोलखांब म्हणून दोन दगड आणि त्यांवर काढलेल्या चपला ठेवल्या जातात, शेजारच्या गावचा संघ टेम्पोतून सात वाजताच येऊन उभा राहतो, आणि मोजणी होते तेव्हा यजमानांचे दहाच भरतात. अकरावा कोण, हे सर्वांना ठाऊक असते. स्पेनमधील शनिवारचा सामना आपल्याकडे रविवारी पहाटे दीडला सुरू होऊन साडेतीनच्या सुमारास संपलेला असतो. दोघे पोरे त्याच्या घरी धावतात. ओसरीवर दोरीला पांढरा सदरा वाळत असतो, आणि चुलीपुढून उठून दारात आलेली त्याची आई आवाज खाली घेऊन सांगते, ‘आरं, झोपू दे त्याला. रात्री त्यांची मॅच होती.’