नायबसाहेबांची मोका पाहणी

समर्थनगरातल्या आमच्या गल्लीत ज्यांना लहानथोर सारेच ‘नायबसाहेब’ म्हणतात, त्या गृहस्थांना नायब तहसीलदारीच्या खुर्चीवरून उठून बारा वर्षे झाली. पण खात्याने निरोपाचा नारळ देऊन त्यांना मोकळे केले असले, तरी त्यांनी खात्याला अद्याप मोकळे केलेले नाही. वहिनींनी आणलेली मेथीची जुडी असो, दूधवाल्याचा हिशेब असो की नातवाचे प्रगतिपुस्तक असो, त्यावर त्यांचा शेरा पडल्यावाचून ते घरात दाखल होत नाही. अशा पुरुषाने कंबोडियातल्या अंगकोरच्या मंदिरांच्या सहलीत सपत्नीक नाव नोंदवले, तेव्हा उतारवयात त्यांना तीर्थाटनाची ओढ लागली असावी असा माझा जो भाबडा समज झाला होता, तो चिकलठाण्याच्या विमानतळावरच निकालात निघाला. खांद्यावरच्या पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी यांच्या जोडीला एक जाडजूड नोंदवही आणि पन्नास फुटी फीत होती. “मोका पाहणीला फीत नको?” ते म्हणाले. मी गप्प राहिलो.

सव्वीस जणांच्या आमच्या तांड्याचा टूर मॅनेजर म्हणजे पंचविशीतला एक हसतमुख मुलगा. बिचाऱ्याने हजेरी घ्यायला कागद उघडण्यापूर्वीच नायबसाहेबांनी ती घेऊन टाकलेली असे, व उशिरा येणाऱ्याकडून तोंडी खुलासाही मागवलेला असे. पासाच्या खिडकीशी एका दिवसाला ३७ डॉलर आणि तीन दिवसांना ६२ हा दर ऐकून त्यांनी तेथेच त्रैराशिक मांडले, तीन दिवसांच्या पासात माणशी ४९ डॉलर वाचतात असा निष्कर्ष सर्वांस मोठ्याने कळवला, आणि सेवानिवृत्तांस काही सवलत आहे काय, अशी चौकशी केली. सवलत नव्हती. मात्र पासावर स्वतःचे छायाचित्र छापून मिळते हे पाहून ते बरेच निवळले. सरकारी कागदावर आपला चेहरा असला की या माणसाला परमुलूख परका वाटत नाही.

अंगकोर वाटचा सूर्योदय पाहण्यासाठी पहाटे पाच वाजता, मिट्ट काळोखात, सगळे जग कमळाच्या तळ्याकाठी मोबाइल उगारून उभे असते. आमची मंडळीही उभी राहिली. परंतु ज्या खंदकावरून आम्ही आत आलो तो १९० मीटर रुंद आहे, हे वाटाड्याने सहज म्हणून सांगितलेले वाक्य नायबसाहेबांच्या मनात सलत राहिले, आणि फितीचे दुसरे टोक त्या मुलाच्या हाती देऊन त्यांनी पुलावरून त्या खंदकाची मोजणी आरंभली. फीत जेमतेम साडेबारा वेळा टाकावी लागली. आकडा जुळला. तोवर सूर्य शिखरांच्या वर पुरुषभर चढला होता आणि पाच शिखरांमागून तो उगवताना कसा दिसतो, हे त्यांना शेवटी वहिनींकडून तोंडीच समजून घ्यावे लागले. त्याची भरपाई म्हणून की काय, त्यांनी १६२ हेक्टरांच्या आवाराचे उभ्या उभ्या ४०० एकर १२ गुंठे करून दाखवले.

वाटाडा इंग्रजीत सांगे, मॅनेजर मराठी करी, आणि नायबसाहेब त्याचे महसुली भाषांतर करीत. दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बाराव्या शतकात हे विष्णूचे मंदिर उभारले आणि पुढे ते बौद्धांचे झाले, एवढे ऐकताच त्यांनी हात वर केला. “म्हणजे कब्जेदाराचं नाव बदललं. फेरफार कोणत्या साली पडला? प्रमाणित कोणी केला?” मुलाने हे वाटाड्याला कसे सांगितले असेल कोण जाणे, वाटाड्याने अत्यंत आदराने मान लववली. १९८६ ते १९९३ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याने येथे डागडुजी केली होती हे कळल्यावर तर त्यांनी जवळच्या खांबावर अशी थाप मारली, की जणू त्याचे बिल त्यांच्याच सहीने मंजूर झाले होते.

खरी कसोटी पूर्वेच्या ओवरीत लागली. तेथे सुमारे ४९ मीटर लांबीच्या भिंतीवर समुद्रमंथन कोरलेले आहे. वासुकीचा दोर, मधोमध विष्णू, खाली कासव, आणि एका तालात मागे झुकलेल्या देवदैत्यांच्या त्या रांगा पाहून, ज्यांना शिल्पातले ओ की ठो कळत नाही असे आम्हीसुद्धा क्षणभर स्तब्ध झालो. नायबसाहेब बोट नाचवीत मोजत निघाले होते. “देव ८८ आणि दैत्य ९२!” शेवटच्या टोकावरून ते गरजले. “चार असामी जादा कशा? हजेरीपटात कुणीतरी बोगस नावं घुसडली आहेत.” रोजगार हमीच्या कामावर ज्याने हयात घालवली, त्याला अमृतापेक्षा आधी मजूर दिसणारच. ता प्रोहमला भिंती कवटाळून बसलेली अजस्र झाडे पाहून मात्र ते विरघळले. “अतिक्रमण आहे, पण जुनं आहे. आता नियमानुकूल करणंच बरं.”

आणि प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक कमानीखाली, समारोपाचे पालुपद एकच. “आमच्या वेरुळाच्या कैलासापुढे हे काहीच नाही. आम्ही वरून खाली कोरलंय, एका दगडात!” यात असत्य काहीच नव्हते. राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, ते लेणे कळसापासून पायाकडे खोदत नेले, ही गोष्ट जगाने मान्य केलेली आहे. परंतु अंगकोर वाट पश्चिमाभिमुख का, हे सांगताना वाटाड्याने कुतूहलाने विचारले, तुमच्या मंदिराचे तोंड कोणीकडे? नायबसाहेब क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, “पूर्वेला. देवळाचं तोंड पूर्वेलाच असतं.” कैलासाचेही तोंड पश्चिमेलाच आहे हे मला ठाऊक होते, पण परमुलखात आपल्या माणसाची साक्ष खोटी पाडणे बरे नव्हे, म्हणून मी सांगितले नाही.

त्या रात्री सिएम रीपच्या हॉटेलात धपाटे सोडता सोडता मी विचारले, “नायबसाहेब, कैलास शेवटचं कधी पाहिलंत?”

“म्हणजे काय, दरसाल जातो. पाहुणे आले की न्यावंच लागतं.”

“अहो, कसलं जाता!” वहिनी चटणी वाढता वाढता म्हणाल्या. “घृष्णेश्वराचं दर्शन घेता, अन् पाहुणे लेणी बघून येईपर्यंत ड्रायव्हरसंगं झाडाखाली चहा पीत बसता.”

“चौथीच्या सहलीत पाहिलंय ना!” नायबसाहेब म्हणाले, आणि धपाट्याचा घास जरा जास्त वेळ चावत राहिले.

घरी परतल्यावर महिनाभर गल्लीच्या कट्ट्यावर अंगकोरची जमाबंदी चालली. तो छायाचित्राचा पास प्लास्टिकमध्ये मढवून दिवाणखान्यात टांगला गेला. पुढे पुण्याहून नातवंडे आली, तेव्हा दोन्ही स्थळांची प्रत्यक्ष रुजवात घालून वाद कायमचा मिटवण्याचे ठरवून, नोंदवही आणि फीत घेऊन, नायबसाहेब सकाळीच सहकुटुंब वेरुळास निघाले. मीही मोटारीत होतो. दौलताबादचा घाट चढताना त्यांनी नातवंडांना सिएम रीपच्या पासाचे दर दोनदा समजावून सांगितले.

फाटक बंद होते.

“साहेब, आज मंगळवार,” पहारेकरी म्हणाला. “मंगळवारी लेणी बंद असतात. कायमच.”

नायबसाहेबांनी खिशातून चष्मा काढला, नोंदवही मोटारीच्या टपावर ठेवून नवे पान उघडले, तारीख, वार व वेळ लिहिली, आणि पंच म्हणून त्या पहारेकऱ्याचीच सही घेतली.