मुलीच हव्यात!

न्यू जर्सीतल्या एडिसनला लेकीसुनांच्या बाळंतपणासाठी येणाऱ्या आयांची रीघ असते. बॅगेत डिंक, आळीव, बाळंतशेपा. माझ्या वाट्याला आलेलं बाळंतपण मात्र पालीचं आहे.

पाल नातीची. लेपर्ड गेको. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, जाडजूड शेपूट आणि आपल्या भिंतीवरच्या पालीला नसतात त्या पापण्या. त्यामुळे ती चक्क डोळे मिटून झोपते आणि उगाचच समजूतदार दिसते. पुण्यात पाल दिसली की मी केरसुणी शोधते. इथे हिच्या अंड्यांसाठी थर्मोस्टॅट आणलाय.

अंडी दोन. एका खेपेला साधारण दोनच घालते. कवच मऊ, चिवट. ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये अर्धी पुरून डबा उबवणीत ठेवला, आणि नातीने प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलीने फुली मारली. कोंबडी आपली अंडी सारखी उलटत असते. इथे अंडं फिरलं तर आतला जीव दगावू शकतो. फुली वरच राहिली पाहिजे. त्या खोलीत झाडू मारायलासुद्धा मला परवानगी लागे.

खरी गंमत पुढे. या जातीत मुलगा की मुलगी, हे उबेवर ठरतं. २६-२७ अंशांना बहुतेक माद्या, ३२-३३ला बहुतेक नर, आणि ३४च्या वर गेलात की पुन्हा बहुतेक माद्याच. नातीने शांतपणे २७ लावलं. एका पेटीत दोन नर जिवावर उठेपर्यंत भांडतात, म्हणून पाळणाऱ्यांना मुलीच हव्या असतात म्हणे. ज्या महाराष्ट्राला १९८८मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा करावा लागला, तिथल्या बाईने हे ऐकून काय करावं? मी पुन्हा एकदा विचारून घेतलं. मुलीच.

नेमक्या त्याच १९८८मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या डेव्हिड क्रूज यांनी सहकाऱ्यासह दाखवून दिलं होतं, की जास्त उबेतून निघालेल्या माद्या भांडखोर असतात. जावयाने हे फार उत्साहाने वाचून दाखवलं आणि बायकोचा वाढदिवस मे महिन्यात येतो, याची आठवण करून दिली.

"आणि तोही नागपूरचा मे," मी म्हटलं. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

कमी उबेला वेळ जास्त लागतो. जवळजवळ दोन महिने. अखेर बाहेर आलं ते ठिपक्यांचं नव्हतंच, पट्ट्यापट्ट्यांचं होतं. ठिपके मोठेपणी येतात. मी कौतुकाने बोट पुढे केलं, तर आ वासून किंचाळलं. मग कात टाकली, ती स्वतःच खाल्ली आणि त्यानंतर अन्नाला तोंड लावेना. कुठल्या आजीला हे बघवेल?

"आजी, तिच्या पोटात अजून बलक आहे. काही देऊ नकोस."

"ती कशावरून? मुलगाही असेल."

"ते कळायला काही महिने लागतील," नात म्हणाली. नाव मात्र रमा ठेवून झालं होतं.

आता रमा जेवते. छोटे रातकिडे कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून द्यायचे असतात. ते खातं माझ्याकडे आहे. परवा तिच्या आईच्या मोठ्या रातकिड्यांच्या डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं. लेकीला वाटतंय, फ्रीज आवाज करतोय. उद्या दुरुस्तीवाला येणार आहे.