माशाची दोन मिनिटं

गळाला गांडूळ लावून मासा धरणाऱ्याची बाजू स्वच्छ असते. माशाला भूक असते, गांडूळ खरं असतं, फसवणूक असलीच तर काट्यापुरती. कोकणात खाडीच्या कडेला गरवत बसलेला माणूस गरीला कोळंबी लावतो, तेव्हा ती माशाला कितपत खरी वाटेल या चिंतेने त्याची झोप उडत नाही. ती कोळंबीच असते. बनावट माशी बांधून मासे धरणाऱ्यांनी मात्र हा सरळ व्यवहार मुद्दाम अवघड करून ठेवला आहे. काट्यावर दोरा, पिसं, केस, लोकर गुंडाळून किड्याचं सोंग उभं करायचं. त्या सोंगाला वजन नसतं म्हणून जड दोरीच हवेत झुलवून फेकायची. आणि पाण्यातल्या ट्राउटने ते सोंग गोड मानून घ्यावं म्हणून कमरेइतक्या गार पाण्यात तिष्ठत उभं राहायचं. एलियन नावाच्या रोमन लेखकाने इसवी सन 200 च्या आसपास मॅसिडोनियातल्या कोळ्यांची कृती लिहून ठेवली आहे: काट्याभोवती तांबडी लोकर आणि तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची, मेणासारख्या रंगाची दोन पिसं. एवढ्यावर तिथल्या नदीतले ठिपकेदार मासे लागत. म्हणजे अठराशे वर्षांपूर्वीच काम भागलेलं होतं. त्यानंतर या कलेत जी भर पडत गेली, तिच्यातला फार थोडा भाग माशाने मागितलेला होता. बाकीचा माणसाने स्वतःसाठी घातला, असं माझं म्हणणं आहे. आणि फोमचा तुकडा व हरणाचे केस घेऊन घरी बांधलेली बेढब माशी हा माझा मुख्य साक्षीदार आहे.

आधी विरुद्ध टोकाला असलेला नमुना पाहू. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये सामन माशासाठी ज्या माश्या बांधत, त्यांतली ‘जॉक स्कॉट’ ही सर्वांत मानाची. तिच्या साहित्याच्या यादीत टूकान, मकाव, सोनेरी फेझंट, मोर, माळढोकाच्या कुळातले पक्षी आणि आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा अशी मंडळी आहेत. या रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांना मेणाचे थेंब सांडावेत तसे चकचकीत ठिपके असतात, आणि त्या ठिपक्यांपायी त्याच्या माना बोटीत बसून विलायतेला गेल्या. शेवटी सरकारने 1902 साली रानपक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. आता गंमत अशी, की सामन समुद्रातून नदीत अंडी घालायला शिरतो तेव्हा तो खाणंच बंद करतो. कडकडीत उपास. ज्या ग्राहकाने जेवणच सोडलं आहे त्याच्यापुढे चार खंडांतल्या पक्ष्यांचं ताट मांडायचा हा प्रकार. तरीही तो अधूनमधून माशी तोंडात धरतो. का धरतो, यावर भांडायला लोकांना अजून एक शतक सहज पुरेल. पण टूकानचं पीस नकली निघालं म्हणून त्याने तोंड फिरवल्याची नोंद कुठे नाही. पुढे या पिसांचा मोह इतका वाढला, की 2009 साली एका बासरी वाजवणाऱ्या विद्यार्थ्याने इंग्लंडमधल्या ट्रिंग इथल्या संग्रहालयाच्या खिडकीतून आत शिरून 299 पक्ष्यांची भरलेली कातडी लांबवली. त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेसने स्वतः जमवलेले नमुनेही होते. गिऱ्हाईक होतं माश्या बांधणाऱ्या हौशी लोकांचं, आणि त्यांच्यातले कितीतरी जण अशी माशी बांधून झाली की काचेच्या चौकटीत ठेवतात. मासा या व्यवहारातून केव्हाच बाद झालेला असतो.

आता हरणाचे केस. हे काम कोणाही विज्ञानशिक्षकाने वर्गात करून दाखवावं इतकं छान आहे. हरणाच्या अंगावरचा केस आपल्या केसासारखा भरीव नसतो. त्याच्या आत हवेच्या बारीक कोठड्या असतात, थंडी अडवण्यासाठी. त्यामुळे तो तरंगतो, आणि दाबला की चेपतो. केसांचा एक झुबका काट्यावर धरून दोऱ्याचे दोन सैल वेढे द्यायचे आणि मग दोरा एकदम आवळायचा. आवळल्या जागी केस चेपले जातात आणि दोन्ही बाजूंना उसळून काटकोनात उभे राहतात, काट्याभोवती गोल फिरतात. पुन्हा झुबका, पुन्हा आवळणं. मग सगळे झुबके मागे दामटून घट्ट करायचे. तयार होतं ते न्हाव्याकडे वर्षभर न गेलेलं डोकं. ते ब्लेडने कापून आकाराला आणायचं. पहिल्या प्रयत्नात टेबलभर केस, चहात केस, आणि काट्यावर चेंडू, फुलकोबी किंवा साळिंदर यांपैकी काहीही उगवतं. डॉन गेपन याने 1937 साली कॅनडातल्या निपिगॉन नदीवर अशाच केसांचं डोकं असलेली ‘मडलर मिनो’ बांधली, ती तळाशी दबून राहणाऱ्या एका रुंद डोक्याच्या लहान माशाची नक्कल म्हणून. पुढे लोकांनी तीच माशी पाण्यावर तरंगवली आणि टोळ म्हणून खपवली. ट्राउटने दोन्ही स्पष्टीकरणं मान्य केली.

फोमची कथा आणखी निलाजरी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेनेसीमधल्या पेकिनपॉ या गृहस्थाने बाटलीच्या बुचाच्या कॉर्कपासून तरंगतं आमिष केलं, तिथून फोमपर्यंत फार लांब जायचं नव्हतं. ज्याच्यातले बुडबुडे एकमेकांपासून बंद असतात असा फोम पाणी पीत नाही. तो बुडवायचा म्हटलं तरी बुडत नाही. पायातल्या स्लिपरचा तळवा, खोक्यातलं पॅकिंग, शाळेच्या प्रोजेक्टसाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी दोन मिलिमीटरची रंगीत शीट, काहीही चालतं. भारतात तर फोमचा पर्याय कायद्यालाही धरून आहे, कारण इथे हरणाचे केस किंवा रानकोंबड्याची मान विकत घेऊ गेलात तर मासा लागायच्या आधी वनखातं लागेल. भुंगा करायचा असेल तर काट्यावर काळ्या फोमची पट्टी मागच्या टोकाला बांधा, पोटासाठी मोरपिसाचे चार धागे गुंडाळा, पट्टी पुढे दुमडून बांधा, रबराचे पाय अडकवा, फेविक्विकचा थेंब सोडा. एवढंच जपायचं, की दोरा फार आवळू नये. नाहीतर तो सुरीसारखा फोममधून आरपार जातो. युटामधल्या ग्रीन नदीवरच्या वाटाड्यांनी काळ्या फोमची एक लांबोळी पट्टी आणि रबरी तंगड्या एवढ्यावर जी माशी उभी केली, तिला स्वतःच ‘चेर्नोबिल मुंगी’ असं नाव देऊन मोकळे झाले. अणुभट्टीच्या अपघातातून बाहेर पडलेली मुंगीसुद्धा इतकी मोठी नसेल. ट्राउट तिच्यावर झेप घेतात.

का घेतात, याचं उत्तर पाण्याखाली जाऊन पाहिलं की मिळतं. माशाला वरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं; त्या खिडकीच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे नुसता आरसा. तरंगता किडा खिडकीत शिरण्याआधी माशाला दिसतात ते त्याच्या पायांनी पाण्याच्या कातडीला पाडलेले खळगे. खिडकीत आल्यावर दिसतं ते उजेडासमोरचं काळपट पोट आणि बाहेर पसरलेले पाय. पाठीवरची नक्षी, पंखांची छटा, डोळ्यांचा रंग हा सगळा माल पाण्याच्या वर राहतो. शिवाय विचाराला वेळ कुठे? प्रवाह किडा घेऊन पुढे निघालेला असतो आणि माशाला हात नाहीत. वस्तू तपासायची तर तोंडात घेऊनच तपासावी लागते. तरंगणं, सावली, पाय आणि थोडी थरथर, इतकी त्याची मागणी. ती पुरवायला सरावलेल्या हाताला दोन मिनिटं लागतात.

यावर इंग्लंडच्या दक्षिणेतल्या चुनखडी नद्यांचे भक्त हसतील. तिथलं पाणी काचेसारखं, ट्राउट शिकलेले, आणि एफ. एम. हॅलफर्डसारखा माणूस 1886 पासून सांगत आलेला, की नदीवर त्या घटकेला जो किडा उडतो आहे त्याचीच हुबेहूब नक्कल हवी. हॅलफर्डच्या शेवटच्या काळातल्या माश्यांमध्ये नर आणि मादी वेगवेगळ्या आहेत. भक्ष्याची लिंगचिकित्सा करून मगच घास घेणारा मासा असेल, तर त्याला काठीने पकडू नये, विद्यापीठात नेमावं. डेव्हनमधल्या टिव्हर्टन गावच्या ऑस्टिन नावाच्या तंबाखूविक्याने तर एका माशीसाठी मेंढ्याच्या अशा जागेची लोकर वापरली, जिचा निर्देश कौटुंबिक मासिकात करता येत नाही. आणि ती कृती त्याने गुप्त राखली, जे एका परीने सर्वांच्याच सोयीचं झालं. तरी आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. शांत पाण्यात मासा दोन बाबतींत खरोखर चोखंदळ असतो: आकारमान, आणि माशी प्रवाहाबरोबर मोकळी वाहते की दोरीने ओढली जाते. तांदळाच्या कणीएवढे किडे उडत असतील तेव्हा फोमचा भुंगा घेऊन उभं राहणं म्हणजे वेळेचा अपव्यय. तिथे बारीक काटा आणि दोन पिसंच हवीत. पण लक्षात घ्या, या दोन्ही मागण्यांत टूकान नाही, मादी नाही आणि मेंढाही नाही. दुसरी मागणी तर माशीकडे नाहीच, ती मनगटाकडे आहे.

सोवळ्यांचा आक्षेप वेगळा: हे प्लास्टिकचं बाहुलं म्हणजे माशीच नव्हे, फार तर बूच. त्यात भर म्हणजे अमेरिकेत लोक फोमच्या टोळाखाली बारीक दोऱ्याने दुसरी, बुडणारी माशी लटकवतात. टोळ खाली गेला की समजायचं, खालच्या माशीला मासा लागला. अशा वेळी टोळ हा खरंच बूच असतो, हे कबूल. मात्र शुद्धतेचा हा खटला सतत चालू असतो, आरोपी तेवढे बदलतात. 1938 साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये यावर रीतसर वादसभा भरली होती, की पाण्यावर तरंगणाऱ्या माशीऐवजी पृष्ठभागाखाली माशी सोडणं सभ्यतेत बसतं का, आणि जी. ई. एम. स्क्यूज या ऐंशीच्या घरातल्या वकिलाला आपल्या बुडत्या माशीचा बचाव करावा लागला. युरोप त्या वर्षी म्युनिक कराराच्या दिशेने चालला होता. आज स्क्यूजची पद्धत सनातन धर्मात मोडते, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात फोम आहे. फोमवरचा खरा गुन्हा वेगळाच आहे: तुटून झाडात अडकलेली किंवा वाहून गेलेली माशी कुजत नाही. हरणाचे केस कुजतात. यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही, आणि ‘एक माशी ती केवढीशी’ हे उत्तर नव्हे.

उरतो तो व्यवहारी माणसाचा प्रश्न. माशाला दोन मिनिटांचंच काम लागतं, तर ते घरी कशाला करायचं? केनियात नैरोबीच्या कारखान्यांत कुशल हात दिवसभर माश्या बांधतात. त्या आणाव्यात आणि नदी गाठावी. पैशाच्या बाजूने हा प्रश्न बिनतोड आहे. घरी माशी स्वस्त पडते असं म्हणणाऱ्याच्या कपाटात काटा पकडून ठेवणारा व्हाइस, तीन कात्र्या, दोऱ्याची वीस रिळं आणि एका हरणाचा मागचा अर्धा भाग असतो. पिसांचा बाजार तर भरवशाचाच नाही: 2011 साली अमेरिकेत केसांत कोंबड्याची लांब पिसं गुंफायची फॅशन आली, आणि माश्यांसाठी पैदास केलेल्या खास कोंबड्यांची पिसं केशकर्तनालयांनी उचलली. माश्यांवर केस आणि केसांवर माश्यांचा माल, अशी अदलाबदल होऊन कोळी हात चोळत बसले. फोमवाल्यांना झळ लागली नाही. स्लिपर डोक्यावर मिरवायची फॅशन अजून यायची आहे. पण माझं पहिलं म्हणणं खरं असेल, तर या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. माशीतला माशाचा वाटा दोन मिनिटांचा. बाकीचा तास माणसाचा. दुकानातून आणलेल्या माशीत माशाला त्याचा वाटा पुरेपूर मिळतो, आणि माणूस आपला तास नैरोबीतल्या अनोळखी माणसाला देऊन टाकतो, वर त्याचे पैसेही भरतो.

ही वाटणी फोमच्या भुंग्यावर उघड्या डोळ्यांनी दिसते. पोटाकडची बाजू माशाची: काळी, ओबडधोबड, पाय लोंबणारे. पाठीवर मात्र नारिंगी किंवा भडक गुलाबी फोमचा एक ठिपका चिकटवलेला असतो, लांबून स्वतःची माशी दिसावी म्हणून. मासा तो कधी पाहत नाही, आणि इथवर सगळं समजुतीचं आहे. पण बांधणारा तिथे थांबत नाही. तो भुंग्याच्या डोक्यावर, पाण्याच्या चांगलं वर, दोन डोळे चिकटवतो; बुबुळं असलेले, बाहुलीला लावतात तसे. मासा लागतो, दोरी ताणली जाते, रीळ ओरडू लागतं, आणि काठावरच्या इसमाला मनातून खात असतं ते एवढंच, की डावा डोळा जरा तिरका बसला.