धावू इच्छिणाऱ्या सद्गृहस्थांस

वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, मुलांची शिक्षणे मार्गी लागल्यावर आणि रक्तातील साखरेचा पहिला वाईट दाखला हाती पडल्यावर, मराठी मध्यमवर्गीय गृहस्थाच्या ठायी दीर्घ पल्ल्याची दौड करण्याची जी ऊर्मी उत्पन्न होते, तिची कारणमीमांसा करण्याचे हे स्थळ नव्हे. पूर्वी याच वयात आणि याच कारणांस्तव माणसे पारायणाला बसत किंवा होमिओपॅथीचा पेटारा विकत घेत. हल्ली ती जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनसाठी नाव नोंदवतात. २००४ साली ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा आम्ही खिडकीत उभे राहून धावणाऱ्यांची कीव केली होती. त्या पापाचे प्रायश्चित्त म्हणून की काय, मोजणी कचेरीतील एकतीस वर्षांच्या चाकरीनंतर प्रस्तुत लेखकाने हे अंतर तीन वेळा कापले आहे. ते किती वेळात कापले याचा खुलासा योग्य स्थळी करण्यात येईल.

नवशिक्याने प्रथम एवढे ध्यानात घ्यावे की, या विद्येत प्रत्यक्ष धावणे हे अंग गौण असून त्याचे निरूपण हे प्रधान होय. पहाटे एकट्याने दहा किलोमीटर धावून येणारा आणि त्याविषयी कुणापाशी चकार शब्द न काढणारा मनुष्य आमच्या शिवाजी पार्कावरील मंडळात संशयास पात्र ठरतो. याउलट गुडघा दुखावल्यामुळे गेले चार महिने पाऊलही न उचललेले आमच्यातील एक दंतवैद्य केवळ इतरांच्या धावण्यावर शेरे मारून मानाची जागा टिकवून आहेत.

उठावे पहाटे पावणेचारला. पहिल्या आठवड्यात गजर झाला की आमची मंडळी दचकून विचारीत, “अहो, कुणाची गाडी आहे?” कारण त्या वेळी उठण्याचे दुसरे सभ्य कारण आमच्या घराण्यात कधी घडलेले नव्हते. इमारतीचा पहारेकरीही पंधरा दिवस, “साहेब, गावाला?” असे विचारून माझ्या हातात पिशवी नाही हे पाहून खिन्न होत असे. अशा प्रश्नांना उत्तर देऊ नये. चौथ्या आठवड्यात ते आपोआप बंद होतात आणि त्यांची जागा, अधिक वेदनादायक अशी, उदासीनता घेते.

रोजच्या धावण्याला स्वतंत्र नाव असते आणि ते उच्चारल्याखेरीज धावणे रुजू होत नाही. मंगळवारी इंटर्व्हल, गुरुवारी टेम्पो, रविवारी लाँग रन आणि उरलेल्या दिवशी जे काही घडेल त्यास इझी म्हणावे. इझीची कसोटी अशी सांगतात की, धावता धावता धाप न लागता एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. ते आले नाही तर वेग जास्त झाला असे समजून आवरावे. ही कसोटी आमच्या पिढीस विशेष जाचक आहे, कारण आम्हांस शाळेत जी वाक्यरचना शिकवली गेली तिच्यातील क्रियापद येईपर्यंत अर्धा किलोमीटर सहज सरतो. शिवाय, आठवड्याचे एकूण अंतर मागील आठवड्याहून दहा टक्क्यांपेक्षा अधिक वाढवू नये असाही एक रूढ दंडक आहे. तो मला इतका न्याय्य वाटला की आमच्या सोसायटीच्या मासिक वर्गणीलाही तो लागू करावा अशी सूचना मी वार्षिक सभेत मांडली. ती नामंजूर झाली.

आता पादत्राणाचे प्रकरण. रविवारी शिवाजी पार्काहून निघून वरळी, हाजीअली, मरीन ड्राइव्ह असे करीत नरिमन पॉइंटला वळसा घालून परतल्यावर आमचे मंडळ एका उडुप्याकडे इडली-वड्यास बसते, आणि खरा सराव तेथे सुरू होतो. गेल्या पावसाळ्यात आमच्यातील एका सनदी लेखापालांनी सांबाराच्या वाट्या बाजूला सारून टेबलावर नव्या बुटांचे खोके उघडले. निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी त्यातला डावा उचलून, नाण्यांची थैली जोखावी तसा तळहातावर दोनदा उडवला आणि “दोनशे ग्रॅम” असा निवाडा दिला. पाटबंधारे खात्यातील अभियंत्यांनी तो मध्यभागी वाकवण्याचा यत्न केला, परंतु आत कार्बनची पट्टी असल्यामुळे तो वाकेना, तेव्हा त्यांनी समाधानाने मान डोलावली. दंतवैद्यांनी टाच कानाशी धरून, दाढेवर ठोकतात तशा चमच्याने तीन टिचक्या मारल्या आणि काहीच न बोलता बूट परत केला. त्या मौनाने लेखापाल जे अस्वस्थ झाले ते बिल येईपर्यंत सावरले नाहीत. रस्त्यावरील शर्यतीत बुटाच्या तळव्याची जाडी ४० मिलिमीटरांहून अधिक असू नये असा निर्बंध जागतिक संघटनेने २०२० साली घातलेला आहे. लेखापाल किलोमीटरला आठ मिनिटे घेतात; तरीही आपला बूट या मर्यादेत बसतो की नाही हे त्यांनी खिशातली पट्टी काढून, आंतरराष्ट्रीय पंच पार्किंगमध्ये येऊन थांबले असावेत अशा गांभीर्याने, मोजून पाहिले.

याच टेबलावर बूटवादी आणि अनवाणीवादी असे दोन पक्ष आहेत, व नवशिक्याने पहिले सहा महिने कोणत्याच पक्षात नाव घालू नये. वादाचे स्वरूप दिवाणी असून तो पिढ्यान्‌पिढ्या चालेल असा रंग आहे, कारण दोन्ही पक्षांचा मुख्य साक्षीदार एकच आहे. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोममध्ये अनवाणी धावून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला, असे एक पक्ष म्हणतो. तोच बिकिला १९६४ साली टोकियोत बूट घालून धावला, पुन्हा जिंकला आणि पूर्वीपेक्षा तीन मिनिटे लवकर आला, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही विधाने खरी असल्यामुळे तडजोडीस जागाच उरत नाही. तिसरा एक मुद्दा मी मांडत असतो, पण तो ऐकताच मंडळी हात धुण्यास उठतात. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत अनवाणी धावणारे खेड्यापाड्यांतले गडी पाहून सर दोराबजी टाटांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू धाडण्याची तजवीज केली आणि त्यांतील बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. जिमखान्याच्या त्या धावकांना कुणी पाऊल ओले करून कागदावर उमटवण्यास सांगितले असेल व तो ठसा पाहून “तुमची कमान पडकी आहे, तुम्हांला बावीस हजारांचाच जोड लागेल” असा हुकूम सुनावला असेल, असे मला वाटत नाही. मला मात्र एका दुकानदाराने तो सुनावला. अंगठ्यावर बोट दाबून “साहेब, हाच नंबर अगदी बरोबर, वापराने सैल होईल” असेही तो म्हणाला. मी ते ऐकले, आणि एवढ्यावर न थांबता, स्पर्धेच्या दिवशी कोरे दिसावेत म्हणून ते बूट खोक्यातच जपून ठेवले. या कृत्याचा जाब पुढे द्यावा लागला.

मोजणीविषयी मात्र मला अधिकारवाणीने बोलू द्यावे. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी राजवाड्यापासून राजाच्या आसनापर्यंत जी वाट आखली गेली तिची ही लांबी, आणि १९२१ साली तिलाच कायमची मान्यता मिळाली. म्हणजे शेवटचे १९५ मीटर आपण एका परक्या राजघराण्याच्या सोयीखातर धावतो, हे स्वातंत्र्यानंतरही कुणाच्या लक्षात आलेले नाही. रस्ता मोजतात तो पारखून घेतलेल्या सायकलीने, वळणावळणांतून जाणाऱ्या सर्वांत आखूड रेषेवरून, आणि तो चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरमागे एक मीटर वाढवा धरून. आमचा गडी त्या रेषेवरून कधीच धावत नाही. तो पाण्यासाठी डावीकडे जातो, ओळखीचे दिसले म्हणून उजवीकडे जातो, छायाचित्रकार दिसला की मधोमध येतो आणि शेवटी मनगटावरील घड्याळात ४२.८ पाहून संयोजकांनी आपणांस सहाशे मीटर फसवले असा अर्ज तयार करतो. असे अर्जदार मी कचेरीत उभा जन्म पाहिले आहेत. स्वतः बांध कोरायचा आणि मग साखळी खोटी म्हणायचे! अँटवर्पचा रस्ता खरोखरच ४२.७५ किलोमीटर भरला होता, आणि चौगुले तो निमूटपणे धावून आले.

स्पर्धेला तीन आठवडे उरले की अंतर कमी करीत न्यावे. यास टेपर म्हणतात. या काळात काहीही न करता सर्व अवयव दुखू लागतात. पोटऱ्यांकडे लक्ष देऊ नये, आहाराकडे द्यावे. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरच्या पुढेमागे संपत येते आणि मग आमच्या परिभाषेत जिला ‘वॉल’ म्हणतात ती समोर उभी राहते, म्हणून शेवटचे दोन-तीन दिवस पिष्टमय पदार्थ भरपूर खावेत असे शास्त्र आहे. इतर देशांतले लोक त्यासाठी उकडलेल्या शेवया खातात. आपल्याकडे पंचांगाने परस्पर बंदोबस्त केलेला आहे: मकरसंक्रांत नेमकी याच आठवड्यात किंवा स्पर्धेच्या तोंडावर येते, आणि गुळपोळीत जे गुण आहेत ते वीस रुपयांच्या तुपासह विचारात घेतले असता कोणत्याही परदेशी जेलच्या पुडीत आढळणार नाहीत. पाचवी गुळपोळी वाढताना सौभाग्यवती माझ्याकडे पाहतात तेव्हा मी “शास्त्र आहे” असे म्हणतो. आयुष्यात हे वाक्य इतक्या निर्धास्तपणे म्हणण्याची संधी फार थोड्या पुरुषांस लाभते.

स्पर्धेच्या दिवशीच्या कर्तव्यांचा तपशील थोडक्यात असा. बिब आदल्या रात्रीच बनियनला चार टाचण्यांनी लावावा, कारण पहाटे हात थरथरतात. काखेत, मांड्यांत आणि छातीवर व्हॅसलिन चोपडावे; संकोच करणाऱ्याच्या बनियनवर पंचविसाव्या किलोमीटरला रक्ताचे दोन ठिपके उमटतात व ते छायाचित्रांत येतात. बोरीबंदरास एक तास आधी पोहोचावे आणि तो तास शौचालयाच्या रांगेत घालवावा. तोफ वाजली की पहिले पाच किलोमीटर सर्वजण आपल्यापुढे जातील, त्यांना जाऊ द्यावे. एवढी एकच सूचना सर्वांना ठाऊक असते, आणि ती आजवर एकानेही पाळलेली नाही.

माझ्या खेपेस परतीच्या वाटेवर, तीस किलोमीटर उलटून गेल्यावर, ऊन चढल्यावर, पेडर रोडचा चढ आला. मोटारीतून जाताना तेथे चढ आहे हे मला पन्नास वर्षांत कळले नव्हते. कोऱ्या बुटांत अंगठे केव्हाच बधिर झाले होते. कडेला इमारतींतली कुटुंबेच्या कुटुंबे सोललेली संत्री, बिस्किटे, मिठाची चिमूट घेऊन उभी होती. आरंभरेषेवर स्वयंसेवकांनी मला ‘सर’ म्हटले होते, सागरी सेतूवर एका तरुणाने “काका, पाणी?” असे विचारले होते, आणि आता सहा-सात वर्षांचा एक मुलगा फोड पुढे करून म्हणाला, “आजोबा, संत्रं घ्या. तुम्ही चालत का येताय?” मी संत्रे घेतले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याइतका श्वास मजपाशी नव्हता, म्हणजे इझीच्या कसोटीनुसार माझा वेग जास्तच होता.

शर्यत संपल्यावर कैफियत सादर करण्याची वहिवाट आहे. दमट हवा हे कारण तत्काळ मंजूर होते. सेतूवरचा उलटा वारा, बुटाची सुटलेली नाडी आणि आरंभीची गर्दी ही पुराव्यानिशी ग्राह्य धरतात. बावीस हजारांच्या बुटांना मात्र दोष देता येत नाही, कारण ती रक्कम घरी कळलेली असते. मी दमट हवा लिहून दिली. पाच तास बावन्न मिनिटे.

त्या रात्री दोन्ही अंगठ्यांची नखे काळीनिळी झालेली दिसली. होळीला ती गळून पडली, गणपतीपर्यंत नवी निम्मीच आली होती, आणि आरतीला उभे राहिलो असता दंतवैद्यांनी खाली पाहून विचारले, “नखं कापली होती का हो आदल्या दिवशी?” इतक्या वर्षांच्या निरूपणात हा प्रश्न त्या टेबलावर एकदाही निघाला नव्हता. तरी वाचकांस विनंती की, बूट अर्धा नंबर मोठा घ्यावा, शर्यतीआधी निदान महिनाभर वापरावा आणि शनिवारी नखे कापावीत. रात्री कापू नयेत असे घरातील वडीलधारी म्हणतात, म्हणून दुपारीच कापावीत.