टेकडीवर प्रथमच जाणाऱ्यांसाठी सूचना

पुण्यात राहायला येऊन वर्ष झालं आणि ‘तुमची टेकडी कुठली?’ या प्रश्नावर तुम्ही अजूनही चाचरत असाल, तर पुढचा मजकूर तुमच्यासाठी आहे. हा प्रश्न पत्ता विचारल्यासारखा विचारतात. अर्थ मात्र गोत्र विचारल्याचा असतो. पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, यांतली कुठलीही एक धरा आणि मग सोडू नका. पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढणाऱ्याच्या मते वेताळवाले नुसते फिरायला जातात. वेताळवाले, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर, शहराच्या सगळ्यात उंच माथ्यावर रोज उभी राहणारी मंडळी, पर्वतीला जिना म्हणतात. या वादात नवख्याने पडू नये.

चढ झेपणार नसेल तर बागा आहेत. महापालिकेच्या बहुतेक बागा दुपारी बंद असतात, आणि पुण्यात याचं आश्चर्य वाटणारा माणूस बाहेरगावचा समजला जातो. सारसबागेत तळ्यातल्या गणपतीला स्वेटर चढला की आपणही कपाटातून मफलर काढायला हरकत नाही. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. तिथली हिरवळ पाहण्यासाठी आहे. पाय ठेवून बघा, लगेच शिट्टी वाजते. कुठून वाजली ते शेवटपर्यंत कळत नाही. ज्यांचं नाव बागेला दिलंय, त्यांनी या शिट्टीवर एक अख्खा लेख सहज लिहिला असता.

पण आपला विषय टेकडी. पहिल्या दिवशी नवे बूट घालू नका. जुने लोक झिजलेल्या कॅनव्हासवर, माकडटोपीत आणि हातात काठी घेऊन येतात; चकचकीत बूट दिसले की ‘किती दिवस टिकतोय बघू’ अशी नजर पडते. वेळही जपून निवडा. पाचचे, सहाचे आणि सातचे अशा इथे जाती आहेत. उतरणारा पाचचा चढणाऱ्या सातच्याला ‘आत्ता?’ एवढंच विचारतो, आणि त्यात सगळं येतं. सुरुवातीला तुम्हाला कुणी ओळख देणार नाही. मग मान हलेल. मग एखाद्या सकाळी ‘काल दिसला नाहीत?’ असा प्रश्न येईल. ही हजेरी आहे. कारण तयार ठेवा. ‘कंटाळा आला’ हे कारण धरत नाहीत.

चढताना टेकडीतून काढायच्या बालभारती–पौड फाटा रस्त्याचा विषय निघणारच. त्यावर मत असावंच लागतं. नसेल, तर दम लागल्याचं दाखवा.

हनुमान टेकडीवर जाणार असाल तर तिथला स्तंभ बघून ठेवा. फर्ग्युसनच्या मागच्या या टेकडीवर १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत सेवक समाजाच्या शपथा घेतल्या. टेकडीवर संकल्प सोडायची परंपरा इतकी जुनी आहे. त्यांनी आयुष्य देशाला वाहिलं. आपण साखर सोडतो, ती पायथ्याच्या क्रीमरोलपर्यंत. पायथ्याशी कारल्याचा आणि दुधीचा रस मिळतो आणि शेजारच्याच गाडीवर इडली-वडा. दोन्ही घेणारे पुष्कळ आहेत, क्रम तेवढा बदलतो.

आता कुत्रेवाले. इथे माणसाचं नाव वर्षानुवर्षं कळत नाही, कुत्र्याचं पहिल्या आठवड्यात कळतं. मालक म्हणजे ‘ब्रूनोचे बाबा’. ब्रूनोचे पुढचे पाय तुमच्या छातीवर आले की लांबून आवाज येतो, ‘काही करत नाही हो तो!’ तुम्हाला करत नसेलही. पण लांडोर अंडी घालते ती जमिनीवर, झुडपाच्या आडोशाला नुसतं उकरून केलेल्या खळग्यात, आणि साखळी सोडलेल्या ब्रूनोला ती तुमच्या-माझ्या आधी सापडतात. तुमचं कुत्रं असेल तर साखळी हातात ठेवा. ब्रूनोचे बाबा तुम्हाला भित्रे म्हणतील, म्हणू द्या.

सगळ्यात मोठा धोका मात्र पुढे आहे. महिन्याभरात तुम्हाला टेकडीचं भलं करावंसं वाटू लागेल. सगळ्यांनाच वाटतं. कुणी जुलैत खड्डे खणून रोपं लावतं, फोटो काढतं आणि मार्चमध्ये त्या रोपांचं नाव काढत नाही. कुणी मात्र खरोखरच रोज पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन चढतं. अशा माणसाची थट्टा करू नये, पण खड्डा खणताना उपटलेलं गवत कुणाचं होतं हे त्यालाही हळूच विचारावं. उन्हाळ्यात पिवळी पडलेली टेकडी आजारी नसते. हे डोंगर मुळातच गवताचे आणि विरळ झाडांचे. चंडोल घरटं बांधतो तो याच गवताच्या बुडाशी. हिरवं करण्याच्या उत्साहात पूर्वी इथे ग्लिरिसिडिया लावला गेला, मूळचा मध्य अमेरिकेचा. हा शब्द नाक मुरडून उच्चारायला शिका, जुन्यांत लवकर सामावून घेतील. फेब्रुवारीत तो गुलाबी फुलतो आणि लोक त्याला आपला चेरी ब्लॉसम म्हणून सेल्फी काढतात. त्याच सुमारास पान नसलेल्या फांद्यांवर हाताच्या तळव्याएवढी पिवळीधमक फुलं घेऊन गणेर उभा असतो. तो इथलाच, म्हणून त्याच्याकडे पाठ.

घरी आल्यावर मोजे दारातच काढा. पावसाळा सरला की त्यांत कुसळं असणार. थेट वॉशिंग मशीनमध्ये टाकलेत तर ती घरादाराच्या कपड्यांत शिरतील आणि सोमवारी मीटिंगमध्ये पाठीला टोचतील. कुत्र्याचे कान आणि बोटांच्या बेचक्याही तपासा, तिथे ती आत घुसत जातात. एक कुसळ उपटून नीट बघा: टोकाला सुईसारखं बी, त्यावर उलटे केस, म्हणून ते आत जातं पण मागे येत नाही, आणि मागे पिळलेली तपकिरी शेपटी. ताटलीत ठेवून तिच्यावर पाण्याचा थेंब सोडा. पीळ उलगडतो आणि शेपटी सावकाश गोल फिरू लागते. जमिनीत असतं तर याच फिरकीने बीने स्वतःला पेरून घेतलं असतं. बाकीची कुसळं कागदाच्या पुडीत भरा आणि दुसऱ्या दिवशी जिथून आली तिथेच झटका. सहाच्यांना यातलं काही सांगू नका, ते लगेच कुसळ-रोपण समिती नेमतील.