गळतीचा पंचनामा

कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली आणि १९७४ साली पद्मिनी या राजपूत राणीच्या नावाने भूषविली गेलेली प्रीमियर गाडी मालवणात एखाद्याच्या अंगणात अद्याप नांदत असते, व तिच्याखालच्या जांभ्यावर पसरणारा काळा डाग पाहून मालकाने फिर्याद गुदरली, की गॅरेजातील न्यायनिवाडा ठरलेला: जेथे थेंब लोंबतो, तोच आरोपी. वस्तुतः वरच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून पाझरलेले तेल इंजिनाच्या अंगावरून ओघळत, पंख्याच्या वाऱ्याने मागे ढकलले जात, अखेर तळाच्या तेलाच्या चेंबरच्या कडेला येऊन टपकते. परंतु वरिष्ठांच्या अपराधापायी कारकुनाला बडतर्फ करण्याची आपली प्रशासकीय परंपरा इतकी सनातन आहे की बिचाऱ्या चेंबरचेच पॅकिंग बदलले जाते, आणि दुसऱ्या दिवशी डाग हजर. मग क्रँकच्या मागल्या ऑइल सीलवर संशय जाऊन गिअरबॉक्स उतरविण्याचा हुकूम सुटतो. इंजिन रॉकेलने धुऊन, कोरडे करून, वर टाल्कम पावडर भुरभुरून घटकाभर चालू ठेवावे व पहिली ओली रेघ कोठे उमटते ते पाहावे, हा चार आण्यांचा उपाय कोणी सुचविलाच, तर मिस्त्री "गाडी म्हातारी झाली, तेल गळतलाच," असा वेदान्त ऐकवितो. इंजिनातील हवा बाहेर सोडणारा ब्रीदर तुंबला की आतला दाब वाढून धडधाकट सीलांतूनही तेल बाहेर पडते, हे तर कोणाच्या गावीही नसते. मालकाने तूर्त गाडीखाली पत्र्याचे घमेले सरकविले आहे, आणि त्यात साचणाऱ्या तेलासाठी शेजाऱ्याने रहाटाच्या कण्याकरिता आगाऊ मागणीही नोंदविली आहे.