अण्णा, आपला धूर पोचला

पॉवरदाते, इंजिन-उद्धारक, टर्बोसम्राट अण्णा यांचे सेवेशी, मुक्काम चेन्नई.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या मार्गळी महिन्याच्या तोंडावर आपण माझ्या पुतण्याच्या पिकअपवर जे उपकार केलेत, त्यांची पोच द्यायची राहून गेली. आम्ही विट्याकडची माणसं, उपकार ठेवून घेत नाही. तमिळमध्ये थोरल्या भावाला अण्णा म्हणतात आणि आमच्याकडेही म्हणतात, तेव्हा त्याच नात्याने लिहितो.

प्रथम आपल्या हातच्या वेगाबद्दल आभार. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात आपण वायर खुपसलीत, लॅपटॉप बॉनेटवर ठेवलात, "पवर वेणुमा, सार?" असं विचारलंत आणि उत्तराची वाटही न पाहता इंजिनच्या मेंदूतली फाइल काढून घेतलीत. माझा चहा निवायच्या आत नवी फाइल आत गेली होती. पुतण्याचं वय २४, गाडी दीड वर्षाची, हप्ते अजून साडेतीन वर्षांचे. एवढा मोठा निर्णय इतक्या थोड्या वेळात घेणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

गाडी बनवणाऱ्यांना आपण जी अक्कल शिकवलीत, तिचंही कौतुक करायला हवं. पुतण्याची ही व्ही-क्रॉस पिकअप इथून तासा-दीड तासावरच्या श्रीसिटीत तयार होते. १.९ लिटरचं टर्बो डिझेल, १६३ पीएस, ३६० न्यूटन-मीटर. हे आकडे ठरवताना इंजिनीअर लोकांनी उन्हाळा धरला, भेसळीचं डिझेल धरलं, भरल्या गाडीने चढायचा घाट धरला. हवा जेवढी आत येईल तेवढ्याच हवेत जळेल इतकंच डिझेल सोडायचं, अशी एक मर्यादा त्यांनी फाइलमध्ये घातली. आपण ती पुसलीत. "कंपनी पॉवर लपवून ठेवते, सार," असं आपण म्हणालात. अण्णा, कंपनीने पॉवर लपवली नव्हती. वेळप्रसंगासाठी शिल्लक ठेवली होती, जशी माझी आई पिठाच्या डब्याच्या तळाशी नोट ठेवायची. आपण तो डबा उपडा केलात आणि वर आम्हालाच बक्षीस मागितलंत.

हवेपेक्षा डिझेल जास्त झालं की ते धड जळत नाही, त्याची काजळी होते. लिटरला नव्वद रुपयांच्या वर मोजून घेतलेलं इंधन आमच्या डोळ्यांसमोर काळं होऊन बाहेर पडतं, ही सोय आपण फुकटात करून दिलीत.

फिल्टरबद्दल काय बोलू! १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ आलं, त्यासाठी दहा पीपीएम गंधकाचं डिझेल आलं, आणि डिझेल गाड्यांच्या पोटात काजळी धरणारा सिरॅमिकचा फिल्टर बसला. शहरातल्या शहरात फिरून तो तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो. पुतण्या तेवढ्यासाठीच आपल्याकडे आला होता. ईसीआरच्या रस्त्यावरून महाबलीपुरमच्या दिशेने वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत गाडी चालवली असती, तर आत सहाशे अंशांच्या आसपास उष्णता होऊन काजळी आपोआप जळाली असती. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात ते लिहिलेलं आहे. आपण मात्र ग्राइंडर घेतलात, डबा कापलात, आतलं सगळं पहारीने फोडून काढलंत आणि रिकामा डबा पुन्हा वेल्डिंग करून जागच्या जागी लावलात. बाहेरून पाहणाऱ्याला तो शाबूत वाटावा, ही आपली कलाकुसर.

त्या ढिगातला एक तुकडा मी उचलून आणला. बोटभर लांब, आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक घरं. एक घर या टोकाला बंद, शेजारचं त्या टोकाला बंद, म्हणजे धुराला भिंतीतून झिरपूनच पलीकडे जावं लागतं. त्याचं एक टोक तव्याच्या बुडासारखं काळं आहे. दुसऱ्या टोकाला बोट फिरवलं तर बोट स्वच्छ राहतं. दीड वर्ष गाडी चालली होती, अण्णा. दीड वर्षात त्या टोकापर्यंत काही पोचलं नव्हतं.

आणि ईजीआर. एक पत्र्याची चकती मारून आपण तोही बंद केलात, त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत, केवढं मोठं मन! जळलेला थोडा वायू पुन्हा इंजिनात घ्यायचा, म्हणजे आतला जाळ थोडा मंद राहतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी होतात, एवढंच त्या बिचाऱ्या झडपेचं काम. आपण म्हणालात, "ते कचरा आहे, सार."

त्या कचऱ्याशी माझी ओळख जुनी आहे. आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं पिढ्यान् पिढ्या गलाईच्या धंद्यात. देशभर जिथे सराफ बाजार, तिथे आमचं एक दुकान, एक भट्टी. माझ्या वडिलांनी साहुकारपेटेत ३१ वर्षं सोनं गाळलं. जुन्या दागिन्यातली चांदी वेगळी करायला नायट्रिक ॲसिड लागतं. ते ओतलं की भांड्यातून तांबूस पिवळा धूर उठतो. तोच नायट्रोजन डायऑक्साइड. दहा बाय बाराच्या खोलीत एक खिडकी, खिडकीत एक पाइप, आणि नाकावर ओला टॉवेल बांधून वडील उभे. लहानपणी मी डबा घेऊन जायचो, तर ते मला उंबऱ्यावरच थांबवायचे, हाताने लांब हो म्हणायचे. बोलता येत नसे, टॉवेलमुळे. आज ते विट्याला असतात. अंगणातून रस्त्यापर्यंत जाताना दोनदा थांबतात, भिंतीला हात लावून.

माझे वडील तो धूर पोटासाठी प्यायले आणि पोराला त्यापासून दूर ठेवलं. आपल्या फाइलमुळे तोच वायू आता पुरसवाक्कमच्या आमच्या गल्लीत वाढीव मापाने येतो. फरक इतकाच की भट्टीवरचा दिसायचा, हा रंगही दाखवत नाही. काजळी निदान दिसते तरी.

कशी दिसते तेही सांगतो, आपल्याला आपली कारागिरी पाहायला सवड मिळत नसेल. मार्गळीत इथे पहाटे दारोदार मोठे कोलम पडतात. समोरच्या मामी पावणेपाचला उठून सडा टाकतात, ठिपके मोजतात, तांदळाच्या पिठाच्या रेषा ओढतात, मधोमध शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचं पिवळं फूल खोचतात. एका सकाळी पुतण्याने सहाला गाडी सुरू केली आणि मित्राला आवाज ऐकवायला एकदाच ॲक्सिलरेटर दाबला. कोलमच्या निम्म्या भागावर पंख्यासारखा काळा पट्टा उमटला. फूलसुद्धा काळवंडलं. मामी काही बोलल्या नाहीत. त्यांनी बादली आणली, सगळं धुऊन काढलं आणि पुन्हा ठिपके मोजायला बसल्या. मी खिडकीत होतो. खाली उतरून माफी मागायला मला दहा मिनिटं लागली, त्याची लाज अजून वाटते.

सिग्नलपाशी बसणारी फुलवाली पूक्कारम्माही आपली आभारी असेल. मोगऱ्याच्या माळांवर ती ओलं फडकं टाकते, ऊन लागू नये म्हणून. हल्ली आमची पिकअप दिसली की ती ते फडकं उचलून आधी स्वतःच्या तोंडावर धरते. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जून २०१२ मध्ये जाहीर केलं. तिला ते कुणी वाचून दाखवलेलं नाही.

पीयूसीची काळजी आपण घेतलीत, हे तर विसरताच येणार नाही. तपासणीच्या दिवसापुरती वेगळी फाइल! तिथे जागच्या जागी इंजिन रेझ करून फक्त धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं मोजमापच होत नाही, हे आपल्याला पक्कं ठाऊक. तपासणीपुरतं सज्जन आणि रस्त्यावर मोकाट, हीच युक्ती फोक्सवॅगनने केली, २०१५ च्या सप्टेंबरात पकडली गेली आणि अब्जावधी डॉलर भरून बसली. आपण दोन हजार रुपयांत तेच करता. स्वस्ताईची ही कमाल आहे.

अमेरिकेत आपले गुरुबंधू फार. तिथल्या पर्यावरण संस्थेने २०२० साली हिशोब मांडला की दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकली गेली, आणि त्याने हवेवर पडलेला बोजा रस्त्यावर आणखी नव्वद लाख पिकअप आणण्याइतका होता. आपल्या एका लॅपटॉपची ताकद किती, याचा अंदाज मला या आकड्याने आला. आमच्या सांगली-कोल्हापूरकडेही काळ्या धुराचे व्हिडिओ पोरं अभिमानाने एकमेकांना पाठवतात. तिकडेही आपल्यासारखे अण्णा असणारच.

कायद्याचं आपण पुतण्याला काही बोलला नाहीत, त्याच्या मनाला त्रास नको म्हणून असेल. मोटार वाहन कायद्याच्या १८२-अ कलमाखाली असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. मालक म्हणजे तो. गाडीच्या कागदावर आपलं नाव कुठेच नाही.

मे महिन्यात, अग्नि नक्षत्रमचा उन्हाळा ऐन भरात असताना, पोरगं माल भरून येलगिरीला निघालं. १४ वळणांचा घाट. सातव्या-आठव्या वळणावर टर्बोची शिट्टी किंचाळल्यासारखी झाली, मग खडखड, मग मागे निळसर पांढरा धूर आणि गाडी ठप्प. जादा डिझेल म्हणजे जादा तापलेला धूर, आणि तो धूर टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्यांनी फिरवत असतो. त्याची बेअरिंगं गेली होती. आपण फोनवर तत्परतेने सांगितलंत, "जुनी फाइल टाकून देतो, कुणाला कळणार नाही." कळलं, अण्णा. फाइल किती वेळा बदलली, याची मोजणी इंजिनच्या मेंदूत राहते. वॉरंटी गेली. पोराने त्या रात्री जेवण केलं नाही, मला न सांगता हप्त्याची तारीख कॅलेंडरवर दोनदा गिरवली.

आपल्या हातात कसब नाही असं मी म्हणणार नाही. आहे, म्हणूनच जीव जळतो. या शहराला वेगाचं वेड जुनं आहे. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर लोक शर्यती बघायला जायचे, आणि १९९० पासून इरुंगाट्टुकोट्टैचा ट्रॅक आहे. तिथे जा. तिथे गाडी ट्रॅकपुरती असते, चालवणाऱ्याला धोका माहीत असतो आणि रस्त्याकडेला कुणी माळा ओवत बसलेलं नसतं. तिथे आपण एखादं इंजिन उभं केलंत तर मी स्वतः तिकीट काढून येईन, हे मनापासून लिहितो.

तोवर एक विनंती. नवा फिल्टर आणि टर्बो मिळून किती होतात ते पुतण्याने विचारून ठेवलं आहे. निम्मी रक्कम तो भरणार, चूक त्याचीही होती. उरलेल्या निम्म्याचा आकडा मागच्या पानावर आहे. ईजीआरवरची चकती आम्ही काढून घेतली. आपली वस्तू आहे, न्यायला या, चहा करून ठेवतो. येताना समोरच्या मामींना भेटून जा.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
एका गलाईवाल्याचा मुलगा

सोबत : फिल्टरचा तुकडा, एक. कागदाची घडी जपून उघडावी, काळ्या टोकाची काजळी हाताला लागते.